कागदी चलनावरील चिन्हव्यवस्था आणि शेतकऱ्याची अनुपस्थिती

प्रस्तावना :

चलनी नोट हे केवळ विनिमयाचे साधन नव्हे. कागदाला स्वतःचे असे मूल्य जवळजवळ नसते. धारकाला तेवढी रक्कम अदा करण्याचे वचन त्यावर छापलेले असते आणि त्या वचनावरच त्याचे मूल्य अवलंबून असते. म्हणूनच वचन देणाऱ्या राज्यसंस्थेला आपली ओळख त्या कागदावर चित्रांच्या व अक्षरांच्या रूपाने उमटवावी लागते. ज्याने आयुष्यात एकही पुस्तक उघडले नाही त्याच्याही हाती रोज पडणारा हा शासनाचा मजकूर आहे. साहित्यकृतीच्या समीक्षेत काय सांगितले आहे याबरोबरच काय वगळले आहे याचाही विचार केला जातो. प्रस्तुत लेखात भारतीय नोटांचे वाचन याच दृष्टीने केले आहे. वाशीमसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यातून पाहताना एक प्रश्न प्रकर्षाने जाणवतो. या नोटांवर शेतकरी कोठे आहे?

राजाच्या जागी कोण?

स्वातंत्र्यानंतर नोटेवरील सहाव्या जॉर्जचे चित्र काढणे अपरिहार्य होते. त्याजागी महात्मा गांधींचे चित्र घालावे असा विचार झाला, तसे आराखडेही तयार करण्यात आले. परंतु अखेरीस एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर ते अवतरले. १९५० मध्ये रुपयाच्या नाण्यावरील वाघाची जागा धान्याच्या कणसाने घेतली. सत्तेच्या प्रतीकाकडून समृद्धीच्या प्रतीकाकडे झालेला हा प्रवास लक्षणीय होय. मात्र एक गोष्ट तेव्हापासूनच दिसते, ती ही की नाण्यावर पीक आले, पिकवणारा आला नाही.

गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. त्या नोटांवर ते बसलेले आहेत आणि त्यांच्या पाठीमागे सेवाग्रामचा आश्रम आहे. विदर्भातील वाचकाने हे चित्र विसरू नये. गांधीजींची प्रतिमा येथे त्यांच्या कर्मभूमीसह, वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यासह अंकित झाली आहे. १९९६ च्या ‘महात्मा गांधी मालिके’त चेहरा कायम राहिला, पण सेवाग्राम नाहीसे झाले. खेड्याचा विचार मांडणारा माणूस राहिला आणि खेडे गेले, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

प्रगतीची चित्रे आणि त्यांची उतरंड :

ऐंशीच्या दशकातील नोटांनी मात्र वेगळी भाषा स्वीकारली. दोन रुपयांवर आर्यभट्ट उपग्रह, एक रुपयावर समुद्रातील तेल उत्खननाचा तराफा, पाच रुपयांवर ट्रॅक्टरने जमीन नांगरणारा शेतकरी अशी ती चित्रमालिका होती. यांपैकी शेतकऱ्याचे चित्र पुढे महात्मा गांधी मालिकेतील पाच रुपयांच्या नोटेवरही कायम राहिले. मालिकेतील इतर चित्रे पाहिली असता त्याचे स्थान स्पष्ट होते. पन्नास रुपयांवर संसद भवन, शंभर रुपयांवर हिमालय आणि सर्वांत लहान पाच रुपयांवर शेतकरी!

ही उतरंड हेतुपुरस्सर रचली गेली, असा दावा येथे करावयाचा नाही. तिचा परिणाम मात्र निश्चित आहे. चलनवाढीने पाच रुपयांचे मोल कमी केले, त्या मूल्याची नाणी आली आणि नोटेची छपाई बंद झाली. ती नोट आजही कायदेशीर चलन आहे, पण व्यवहारात क्वचितच दिसते. शेतकऱ्याला कोणी नोटेवरून हटवले नाही. ज्या नोटेवर त्याला बसवले होते तिचीच किंमत उरली नाही. शेतमालाच्या भावाचा हिशेब मांडणाऱ्या कुटुंबांना या प्रतीकाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय तो शेतकरी तरी कोणाचा होता? ट्रॅक्टर हे यांत्रिकीकरणाचे, म्हणजे हरितक्रांतीच्या ओलिताखालील प्रदेशाचे चिन्ह. बैलजोडीच्या आधारे आणि पावसाच्या भरवशावर कापूस, तूर, ज्वारी पिकवणारा वऱ्हाडातील शेतकरी त्या चित्रातही नव्हता.

वारसास्थळांची मालिका :

८ नोव्हेंबर २०१६ रोजी जुन्या पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. पाचशेच्या नोटेवर दांडीयात्रेतील माणसे होती, तर हजाराच्या नोटेवर धान्याची कापणी व उद्योग यांचे एकत्रित दृश्य होते. त्यानंतरच्या नव्या मालिकेत दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरवर राणी की वाव, दोनशेवर सांची आणि पाचशेवर लाल किल्ला आहे. आधुनिक कर्तृत्वाचे एकमेव चित्र म्हणजे दोन हजारांवरील मंगळयान. ती नोट चलनातून मागे घेण्याचा निर्णय १९ मे २०२३ रोजी जाहीर झाला. उरल्या त्या केवळ वास्तू.

वेरूळ नोटेवर आल्याचा आनंद मराठी माणसाला व्हावा, हे योग्यच आहे. एकाच खडकातून वरून खाली कोरत नेलेले कैलास लेणे हे अनामिक हातांच्या श्रमाचेही स्मारक आहे. परंतु नोटेवरील चित्र वास्तूचे असते, त्या हातांचे नसते. २०२० च्या एक रुपयाच्या नोटेवर आणि वीस रुपयांच्या नाण्यावर कृषिप्रधानतेची खूण म्हणून धान्याची नक्षी आहे. १९५० चीच रीत येथे पुन्हा दिसते.

भाषांची उतरंड :

चित्रांप्रमाणे अक्षरांतही क्रम असतो. १९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट या संदर्भात उद्‌बोधक आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथून दिलेल्या या दानपत्रात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात. प्रतिष्ठेची भाषा एक आणि लोकव्यवहाराची दुसरी, ही विभागणी आजच्या नोटेवरही आढळते. हिंदी व इंग्रजी मोठ्या अक्षरांत, तर अन्य पंधरा भाषा मागील बाजूच्या चौकटीत लहान अक्षरांत. या चौकटीत मराठी आठवी आहे. आठव्या अनुसूचीतील बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाळी व सिंधी या सहा भाषांना तेवढीही जागा नाही.

एक आक्षेप :

वारसास्थळे सर्वांना मान्य असतात, जिवंत माणसांची चित्रे वादाला निमंत्रण देतात, असा युक्तिवाद केला जाईल. तो पूर्णतः निराधार नाही. नोटेला सर्व प्रांतांत विश्वास मिळवावा लागतो. परंतु नांगरणारा अनामिक शेतकरी अनेक वर्षे नोटेवर होता आणि तो कोणत्याही एका प्रांताचा, धर्माचा वा पक्षाचा नव्हता. निर्विवाद चिन्हच हवे असेल, तर श्रमाइतके निर्विवाद दुसरे काय आहे?

समारोप :

२००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वाशीम होते, तसेच सेवाग्रामचा वर्धा जिल्हाही होता. ज्या भूमीचे चित्र १९६९ मध्ये राष्ट्राच्या चलनावर होते, त्याच भूमीच्या नावाने पुढे मदतीची रक्कम मोजावी लागली. नोटेवरील चित्र बदलल्याने शेतकऱ्याचे कर्ज फिटणार नाही, हे उघड आहे. तथापि राष्ट्र आपल्या वचनाच्या कागदावर कोणाला स्थान देते, यावरून ते कोणाला आपले मानते हे कळते. आजच्या नोटांवर आपला भूतकाळ सन्मानाने उभा आहे. त्या भूतकाळाला आणि वर्तमानालाही अन्न पुरवणाऱ्या माणसाची जागा मात्र अद्याप रिकामी आहे.