भुतं हिंदीत गेली, हसू मराठीत राहिलं

कर्जत-खालापूर भागात एखाद्या भयपटाबद्दल मत विचारलं, की उत्तर बहुधा तीन-चार शब्दांत मिळतं. ‘काय घाबरायला नाय झालं.’ टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाबद्दल विचारलं तर एकच शब्द: ‘टाइमपास.’ समीक्षेच्या दृष्टीने ही उत्तरं कुचकामी म्हणून सोडून दिली जातात. मला मात्र त्यांत पक्की रसिकता दिसते. हा प्रेक्षक कॅमेऱ्याबद्दल बोलत नाही, पटकथेबद्दल बोलत नाही. भूत आपल्याकडचं वाटलं का आणि विनोद घरात सगळ्यांसमोर ऐकवला का, एवढंच तो तपासतो. या दोन कसोट्या लावून गेल्या दहाएक वर्षांतली मराठी भीती आणि मराठी हसू पाहिलं, तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

आधी भीती. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत चकवा लागल्याच्या गोष्टी घरोघर आहेत. बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि पुढे त्यांच्याच गोळीला बळी पडला, अशी या धनगराची आख्यायिका. आजही तिथे नाणं टाकून पुढे जाणारे गाडीवाले आहेत. ज्याच्या रोजच्या रस्त्यावर अशी गोष्ट उभी आहे, तो पांढरी साडी आणि करकरणारं दार बघून दचकेल, ही अपेक्षाच चुकीची.

‘तुंबाड’चं उदाहरण इथे बोलकं आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर 2018 मध्ये लागला तेव्हा थिएटरं भरली नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत कुठली जाहिरात झाली? मोबाइलवर बघितलेल्यांनी एकमेकांना सांगितलं, एवढीच. न थांबणारा पाऊस, पडका वाडा, पिढीजात हाव: हे सगळं कोकणातल्या माणसाला ओळखीचं होतं. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आणि श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेलं नाव, म्हणजे मूळ तर सगळं मराठीच. चित्रपट मात्र हिंदीत.

माझी खरी तक्रार इथेच आहे. विशाल फुरिया यांनी 2017 मध्ये ‘लपाछपी’ केला. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि मुलगी नको असलेलं घर, एवढ्या सामग्रीवर उभा राहिलेला तो अव्वल मराठी भयपट. 2021 मध्ये त्यांनीच तो ‘छोरी’ नावाने हिंदीत केला. आदित्य सरपोतदार यांनी 2022 मध्ये ‘झोंबिवली’त पाण्याच्या प्रश्नातून झोंबी उभे केले, तेही डोंबिवलीत, म्हणजे कर्जत लोकलच्या वाटेवरच. मग 2024 मध्ये त्यांचा ‘मुंज्या’ आला. मुंज झालेला आणि लग्नाआधी मेलेला मुलगा झाडाला धरून राहतो, हे आपल्या आजीचं भूत. त्याने शंभर कोटींच्या पुढे मजल मारली, पण हिंदी बोलून. दिग्दर्शकांना दोष देण्यात अर्थ नाही. मराठी निर्माता जेवढा पैसा लावतो तेवढ्यात पाऊसही नीट पडत नाही.

टीव्हीवर भीतीला जरा बरे दिवस आले ते ‘रात्रीस खेळ चाले’मुळे. 2016 मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेचं लोकांना आज काय आठवतं? अण्णा नाईक आणि शेवंता ही दुसऱ्या पर्वातली जोडी, आणि ‘इसरलंय’ म्हणणारा पांडू. भुताच्या मालिकेत घराघरात पोहोचला तो हसवणारा गडी. यात नवल नाही. 1993 च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर त्याआधी दूरदर्शनचे चिमणराव होते आणि पुढे टिपऱ्यांचे आबाही झाले. मराठी प्रेक्षकाने भीती आणि हसू यांत कधी भिंत घातलीच नाही. वेगळे रकाने आखतो ते आम्ही लिहिणारे.

हसण्याचा धंदा मात्र मराठीतच टिकला आणि भरभराटला. 2014 मध्ये आलेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने थुकरटवाडी घराघरात नेली. पण दर आठवड्याला नव्या चित्रपटाची जाहिरात आणि पुरुषांना साड्या नेसवून मिळवलेला हशा यांनी ती वाडी पुढे थकली. 2018 मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ लेखनाला अधिक मान देते. समीर चौघुले किंवा नम्रता संभेराव एक पात्र असं उभं करतात की त्याचं आडनावही आपण सांगू शकू. कर्जतहून मुंबई गाठायला लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात, त्या वेळात दहा-बारा मिनिटांची प्रहसनं छान मावतात. डब्यात एकाच्या मोबाइलवर चौघे वाकलेले असतात, आणि ‘टाइमपास’ या शब्दाचा अर्थ तेव्हा कळतो. दिवसाचे चार तास प्रवासात घालवणारा माणूस हा शब्द हलक्या अर्थाने वापरत नाही.

दोष आहेतच. प्रहसन संपायच्या आत परीक्षक हसून लोळतात, म्हणजे कुठे हसायचं तेही आम्हाला दाखवावं लागतं. रंग, जाडी आणि टक्कल यांवरचे विनोद अजून संपत नाहीत. आणि बोली. अरुण कदमांच्या ‘दादूस’मुळे आगरी बोली टीव्हीवर आली, याचा रायगडात आनंद झाला. पण ती बोलणारा माणूस पडद्यावर आला की हशा ठरलेलाच. त्याला दुःख होतं, त्याची जमीन जाते, तो घाबरतो, हे त्या बोलीत कोण दाखवणार? ठाकरी आणि कातकरी बोलींना तर हशाच्या रांगेतही जागा नाही.

विरोधाभास असा की पडद्याची एवढी मोठी यंत्रणा इथेच होती. नितीन देसाई यांनी 2005 मध्ये उभारलेला एनडी स्टुडिओ लोक कर्जतचा म्हणून सांगतात, जागा खालापूर तालुक्यात चौकजवळ. ‘जोधा अकबर’साठी तिथे मोगलांचे महाल उभे राहिले. इथल्या माणसांना तिथे काम मिळालं, ही मोठी गोष्ट. पण त्या आवारात इथल्या ठाकरांच्या वाडीची गोष्ट कधी उभी राहिली नाही.

एखाद्या मराठी निर्मात्याने आता शिंग्रोबाच्या घाटातला भयपट करावा. थोड्या पैशांत करावा, पण मराठीत, इथल्या बोलीत, आणि त्यात एक पांडू जरूर ठेवावा. तोवर मोबाइलवर वाकलेल्या त्या चौघांना कमी लेखू नका. ‘तुंबाड’ला सहा वर्षांनी न्याय दिला तो अशाच प्रेक्षकांनी.