‘शुद्ध’ वाचता येतंय का?

मागच्या दिवाळीच्या आधी माझ्या मावशीने घरचा कांदा-लसूण मसाला विकायला काढला. स्टिकरचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातलं ‘कॉम्प्युटरचं’ सगळं माझ्याकडेच येतं. मी फिजिक्समध्ये पीएचडी करते, पातळ थरांवर प्रकाश टाकून परावर्तन मोजते. त्याचा आणि स्टिकरचा काय संबंध, हे घरी कोणी विचारत नाही. मी एका रात्रीत फॉन्ट निवडला आणि 500 स्टिकर छापून आणले. पहिल्याच दुकानदाराने फळीवर ठेवलेल्या पाकिटाकडे गल्ल्यावरून बघत विचारलं, “शु... पुढे काय लिहिलंय, ताई?”

लिहिलं होतं ‘शुद्ध’.

ही पोस्ट माझ्या चुकीवर आहे. फॉन्ट निवडायचा म्हटलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, तो मीही पाळला होता: आधी धंद्याचा ‘स्वभाव’ ठरवा, मग तशा स्वभावाचा फॉन्ट शोधा. घरगुती, प्रेमळ, पोटभर. मला मिळाला ‘मोदक’. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा हा फॉन्ट. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची आहेत. फॉन्ट मोफत आहे, ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे धंद्यासाठी वापरायलाही अडचण नाही. अक्षरं इतकी गुबगुबीत, की आतल्या पोकळ्यांची फक्त बारीक चीर उरते. मुद्दामच तसं केलंय आणि ते फार देखणं आहे. त्यात ‘लाडू’ लिहून बघा, खावासा वाटेल.

आता ‘शुद्ध’ लिहा. श, त्याच्या पायाशी उकार, मग द आणि ध एकमेकांत अडकलेले. या शब्दाची ओळखच पोकळ्यांत आहे, आणि मोदकमध्ये नेमक्या त्याच मिटतात. म्हणजे फॉन्ट वाईट नव्हता, माझ्या शब्दाला तो चालत नव्हता. स्वभावाच्या सल्ल्यात शब्दाला कुठे जागाच नाही, हा माझा त्या सल्ल्यावरचा पहिला आक्षेप.

हे मला आधी कळायला हवं होतं, कारण गणित माझ्याच विषयातलं आहे. निरोगी डोळा साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक ओळखतो. 3 मीटरवर तो होतो सुमारे 0.9 मिलिमीटर, 10 मीटरवर 3, आणि 20 मीटरवर जवळजवळ 6 मिलिमीटर. अक्षरातली फट त्याहून बारीक असेल, तर तिथे फट नाही असंच समजा. दुकानातल्या फळीवरचं पाकीट गिऱ्हाईक 3 मीटरवरून बघतं. मी ते लॅपटॉपवर दोन वितींवरून, चौपट मोठं करून बघितलं होतं. त्यात छपाईत शाई थोडी पसरते आणि फटी अजून मिटतात.

आणखी एक चूक त्याहून गंभीर होती. मी लेआउट स्वतःच तपासला. मला शब्द माहीत होता, मावशीलाही माहीत होता. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला धुक्यातूनही ‘शुद्ध’ दिसणारच! लॅबमध्ये नमुन्यांवर सांकेतिक क्रमांक टाकून, कोणता कुठला ते न बघता मोजणारी मी, इथे सरळ स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासत होते.

बरं, ‘स्वभावा’ला संशोधनाचा आधार आहे असं म्हणतात, तर तेही बघू. नेहमी ज्याचा दाखला दिला जातो तो साँग आणि श्वार्झ यांचा 2008 चा प्रयोग. व्यायामाच्या एकाच सूचना काहींना साध्या एरियलमध्ये दिल्या, काहींना ब्रशने लिहिल्यासारख्या वाचायला अवघड फॉन्टमध्ये. या व्यायामाला किती वेळ लागेल असं विचारल्यावर पहिल्या गटाचा अंदाज सुमारे 8 मिनिटांचा आला, दुसऱ्याचा 15. छान प्रयोग आहे. पण त्याने काय सिद्ध होतं? वाचायला अवघड गेलं की कामही अवघड वाटतं, एवढंच. ‘गोल अक्षरं प्रेमळ वाटतात’ हे त्यातून निघत नाही. मजकूर इंग्रजीत होता, आणि तुलना होती दोनच फॉन्टची. जाडी, वळण, सवय, सगळं एकदम बदलतं, मग परिणाम नेमका कशाचा?

याच घराण्यातला दुसरा दावा होता, की अवघड फॉन्टमुळे माणूस जास्त विचार करतो. 2007 च्या मूळ प्रयोगात 40 विद्यार्थी होते. 2015 मध्ये मायर आणि सहकाऱ्यांनी 17 प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा तो परिणाम उरलाच नाही. तुम्ही पुढे लिटरेचर रिव्ह्यू लिहाल तेव्हा एक सवय लावून घ्या: दाखला दिलेला पेपर उघडायचा आणि त्यात नक्की काय मोजलंय ते बघायचं. मी हे स्टिकर छापून झाल्यावर केलं.

दुसऱ्या फेरीत उलटं गेले. आधी पाकिटावरचे सगळे शब्द काढले: शुद्ध, कांदा-लसूण, कोल्हापुरी, आणि पत्त्यात कऱ्हाड. मग प्रत्येक फॉन्टमध्ये हेच शब्द खऱ्या मापात छापून हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चिकटवले, आणि मसाल्याबद्दल काहीही माहीत नसलेल्या मुलींना लांबून चालत यायला लावलं. वाचता आलं की थांबायचं. तिथे खडूची रेघ.

‘यात्रा वन’कडून मला फार आशा होती. कॅथरीन ली श्मिट यांनी तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केला आहे. तिरक्या ब्रशचे फटकारे त्यात स्पष्ट दिसतात, आणि इंग्रजी अक्षरांनाही देवनागरीचाच कोन दिलाय. नेहमी उलटं असतं, इंग्रजी फॉन्टला मराठी शेपूट जोडतात, म्हणून मला हा फॉन्ट मनापासून आवडतो. लांबून वाचता येतो. पण एकाच जाडीत मिळतो, त्यामुळे खालच्या बारीक मजकुराला दुसरा फॉन्ट शोधावा लागतो. शिवाय मैत्रीण म्हणाली, “मसाला कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार?” (बघा, स्वभाव असतोच. मी तो नाकारत नाहीये. फक्त तो शब्द वाचून झाल्यावरचा प्रश्न आहे.)

शेवटी टिकला एक टाइपचाच ‘बलू 2’. गोलाई मोदकच्या जवळची, पण पोकळ्या उघड्या आणि पाच जाड्या. या कुटुंबातल्या फॉन्टची नावंही गोड आहेत: गुजरातीला भाई, तमिळला थंबी, मल्याळमला चेट्टन, पंजाबीला पाजी. सगळ्यात जाड न घेता त्याच्या अलीकडचा घेतला, कारण खडूच्या रेघेने तसंच सांगितलं.

मराठीसाठी दोन गोष्टी वेगळ्या तपासा. एक, पाकळीचा ल आणि देठाचा श. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं. मराठी रूपं आत दिलेली असतील, तरी सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. दोन, ‘कऱ्हाड’मधला अर्धा र. ज्या फॉन्टमध्ये तो नीट नाही, तो फॉन्ट नमुन्यात कितीही सुंदर दिसो, आपल्या कामाचा नाही. आणि छपाईवाल्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून द्या. जुन्या सॉफ्टवेअरवर युनिकोड मराठी उघडली की पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात.

मसाला चालला तर मावशीला गाळा घ्यायचाय, म्हणून पाटीचा नियमही वाचला. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरीत मराठी पाटी लागते, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाहीत. पण ‘लहान’ मोजायचं कसं? पॉइंट हे माप जुन्या खिळ्याच्या अंगाचं आहे, अक्षराचं नव्हे. देवनागरीत त्याच अंगात वर मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. दोन्ही लिप्या 72 पॉइंटला ठेवल्या तरी मराठी लहान दिसू शकते. मी पट्टीने शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजते आणि ती इंग्रजी कॅपिटलच्या बरोबरीला आणते. कागदावर पॉइंट वेगवेगळे दिसतात, रस्त्यावरून सारखे.

जुने चारशेच्या वर स्टिकर उरले होते. मावशीने ते स्वयंपाकघरातल्या डब्यांना लावलेत. तिला व्यवस्थित वाचता येतात.