डॉसच्या दारातल्या सहा ओळी

डॉसवर चालणाऱ्या आयबीएम पीसीत मेमरीचे अगदी पहिले १,०२४ बाइट इंटरप्टच्या पत्त्यांसाठी राखलेले असत. २५६ घरं, प्रत्येक घर चार बाइटचं. बटण दाबलं की प्रोसेसर हातातलं काम ठेवून ९ क्रमांकाच्या घरातला पत्ता वाचतो आणि तिथे धावतो. त्या घराला कुलूप नव्हतं. डॉसच्याच इंट २१एचला जुना पत्ता विचारायचा, जपून ठेवायचा आणि त्याच्या जागी आपला लिहायचा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’मध्ये ही विद्या सी भाषेतून शिकवली. मला मात्र तिची गोडी असेम्ब्लीत जास्त लागते. मेमरीत ठाण मांडून एफ-१०साठी टपून बसलेल्या अशाच एका टीएसआर प्रोग्रॅमचं हे तोंड पाहा:

पुश एएक्स
इन एएल, ६०एच
सीएमपी एएल, ४४एच
पॉप एएक्स
जेई आपलं_काम
जेएमपी सीएस:[जुना_पत्ता]

कीबोर्डच्या ६०एच पोर्टमधून बटणाचा क्रमांक उचलला, एफ-१०च्या ४४एचशी ताडून पाहिला. इथवर सरळ आहे. पण तुलना आणि निर्णय यांच्या मध्येच पॉप कसा? पहिल्यांदा वाचताना मला ओळींचा क्रम चुकलाय असंच वाटलं होतं. चुकलेला नाही. तुलनेचा निकाल फ्लॅग्जमध्ये असतो आणि पॉप त्यांना हात लावत नाही. म्हणून उसना घेतलेला एएक्स रजिस्टर (एएल हा त्याचाच अर्धा भाग) निर्णयाआधीच परत करता येतो. पुढे वाट कुठलीही फुटो, देणं आधीच फिटलेलं. किती नेटकं!

शेवटच्या ओळीतला ‘सीएस’ही सहज आलेला नाही. या क्षणी डेटाचा सेगमेंट दाखवणारा डीएस दुसऱ्याच कुणाच्या प्रोग्रॅमचा आहे, आपल्या हक्काचा फक्त कोडचा सेगमेंट दाखवणारा सीएस. म्हणून जुना पत्ता कोडच्या शेजारीच ठेवलेला.

आणि तिथे कॉल नाही, जेएमपी आहे, यावर तर माझा जीव आहे. इंटरप्ट येताना प्रोसेसरने फ्लॅग्ज, सीएस आणि आयपी स्टॅकवर ठेवलेले असतात. आपण त्यावर काहीच शिल्लक ठेवलेलं नाही. त्यामुळे जुनं रूटीन आपलं आयरेट, म्हणजे इंटरप्टमधून परतण्याची सूचना, चालवतं तेव्हा थेट मूळ प्रोग्रॅमकडे परततं. मध्ये कुणी उभं होतं याचा दोघांनाही पत्ता नाही.

एफ-१० सापडलं की पुढचं काम खडबडीत असतं. पोर्ट २०एचला २०एच पाठवून इंटरप्ट मिटवायचा, आणि डॉस स्वतःच कामात असेल तर त्याला हाक मारायची नाही, कारण अर्ध्यातून पुन्हा शिरलेलं त्याला सोसत नाही.

बोट उचललं की सी४एच येतो. तो ४४एचशी जुळत नाही, म्हणून सहाव्या ओळीवरून जुन्या रूटीनकडे जातो. जे बटण दाबल्याचं त्याला कळलंच नव्हतं, ते सुटल्याची वर्दी त्याला मिळते, आणि ते ती मुकाट्याने सोडून देतं.