चंदिगढची खुर्ची

चंदिगढच्या खुर्चीशी भोर-वेल्ह्याकडच्या वाचकांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. शाळा, कचेरी, धर्मग्रामाचे सभागृह अशा अनेकांच्या जागी ज्यांना बसावे लागते, त्या सर्वांचा तिच्याशी संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

नवी राजधानी उभारण्यासाठी स्विस वास्तुशिल्पी पिएर जानरे १९५१ साली भारतात आले आणि १९६५पर्यंत येथेच राहिले. ल कॉर्ब्युझिए हे त्यांचे नातलग व सहकारी. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ यांना खुर्च्या, मेजे, बाक हवे होते, तेही मोठ्या संख्येने. त्या कामात युली चौधरी यांचाही वाटा होता. लिलावाच्या बाजारात मात्र जानरे यांचेच नाव गाजते, आणि सुतारांचे तर कोणी घेतही नाही.

या खुर्चीचा सारा गुण तिच्या पायांत आहे. पुढचा व मागचा पाय कर्कटकाच्या टोकांसारखे खाली फाकतात आणि वर, हात टेकण्याच्या पट्टीखाली, एकत्र येतात. लाकूड जाड सागाचे. बैठक व पाठ वेताची, म्हणजे उन्हाळ्यात वारा लागतो आणि वीण तुटली तर वीणच बदलावी लागते. घडण स्थानिक सुतारांची, म्हणून एक खुर्ची दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. हा आम्ही दोष मानीत नाही. दोष आहे तो वजनाचा. ती एकावर एक रचता येत नाही. सभा आटोपल्यावर आवराआवर करणारे स्वयंसेवक तिला दुवा देणार नाहीत.

पुढे वेत फाटला, पाय डगमगले, आणि कित्येक खुर्च्या भंगाराच्या भावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या दुरुस्त करून लाखोंना विकल्या. केवळ मोजदादीसाठी पाठीवर रंगविलेले खात्याचे क्रमांक आता अस्सलपणाचा दाखला ठरले आहेत! केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ साली निर्बंध घातले, तोवर बराच माल बाहेर गेला होता.

आमचा आक्षेप किमतीला नाही. दुरुस्त होण्यासाठीच घडविलेली वस्तू तिच्या धन्याने दुरुस्त केली नाही, याला आहे. आपल्याकडेही जुने सागवानी बाक काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. त्या हलक्या असतात हे मान्य, पण तडा गेल्यावर त्यांना कोणता सुतार हात लावणार? समितीने भंगारवाल्याआधी सुताराला बोलवावे. चंदिगढमध्ये यांपैकी काही खुर्च्यांवर आजही कारकून व विद्यार्थी बसतात.