कुलवृत्तान्तातील गाळलेल्या जागा

आमच्या घरी कुलवृत्तान्ताची एक जुनी प्रत आहे. कापडी बांधणी, पिवळी पडलेली पाने आणि शेवटी घडी घालून चिकटवलेला वंशवृक्षाचा तक्ता. दिवाळीला मंडळी जमली की ती कपाटातून निघते आणि मुले आपापले आजोबा शोधू लागतात. यंदा मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि वाचली ती वाङ्मय म्हणून. कोकणस्थ घराण्यांनी असे ग्रंथ पुष्कळ छापले. टीकाकार मात्र त्यांच्या वाटेला फारसा गेलेला नाही.

प्रथम गुण सांगतो. संपादकांनी गावोगाव पत्रे धाडली, तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळल्या, आणि हे सारे पदरमोड करून केले. त्या चिकाटीला नमस्कार असो. पण लेखनाचे काय? येथे प्रत्येक पुरुष सुस्वभावी, परोपकारी आणि धर्मनिष्ठ! साऱ्या ग्रंथात मला एकच जिवंत माणूस भेटला. फणसाच्या झाडावरून भावाशी भांडून तो घर सोडून गेला आणि परतला नाही. संपादकांनी त्याला दीडच ओळ दिली आहे. मला ती बाकीच्या पानांहून मोलाची वाटली.

खरा दोष याहून खोल आहे. खापरपणजाच्या पिढीत प्रत्येकाला सोळा पूर्वज असतात. ग्रंथ त्यांतल्या एकाचाच माग काढतो. सुना येतात त्या सासरी ठेवलेल्या नावाने. मुली लग्नाच्या ओळीपाशी संपतात. माझी बहीण तेथे संपली आहे. आई आमच्या ग्रंथात, आजी आजोळच्या, पणजी तिसऱ्याच घराण्याच्या. आईकडून आईकडे जायचे तर दर पिढीला नवे पुस्तक उघडावे लागते. आपले श्राद्धकर्म याहून उदार म्हणायचे. तर्पणात आई, आजी, पणजी यांची नावे घेतात आणि मातामह-मातामहींनाही पाणी देतात. संशोधन म्हणवणारा ग्रंथ भटजींच्या पोथीपेक्षा कोता निघावा, हे नवलच!

माझी भाची अमेरिकेत असते. तिने नळीत लाळ घालून डीएनए तपासणीसाठी पाठवली. या तपासणीतला एक धागा केवळ आईकडून अपत्याकडे जातो आणि पुढे मुलीच तो चालवतात. म्हणजे आमच्या ग्रंथाने जी वाट बंद केली, नेमकी तीच! उत्तर आले: आईकडचा गट ‘एम’. भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांचा हाच गट. “मामा, आपण सगळ्यांचेच की!” ती फोनवर म्हणाली. तक्त्यावरच्या आमच्या कुळाचा ताठा त्या एका अक्षराने उतरवला.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांचेच पाहा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे भरघोस आढळले. बाहेरून आलेल्यांत पुरुष अधिक आणि इथल्यांत स्त्रिया अधिक असाव्यात, असाही कौल मिळाला. त्यामुळे कथा खोटी ठरली असे मी म्हणणार नाही. पण इथल्या ज्या आयांनी त्या घरांत संसार केला, त्यांना कथेत जागा नव्हती. रक्ताने ती ठेवली होती.

तरी प्रयोगशाळेलाही माझा नमस्कार बेताचाच. तिला गट कळतो, माणूस कळत नाही. आमचा ग्रंथ नावे सांगतो पण निम्मी गाळतो. तपासणी काही गाळत नसेल, पण तिच्यापाशी नावच नाही. फणसावरून रुसलेला तो गृहस्थ तिला कधीच भेटणार नाही. त्यासाठी कोणीतरी दीड ओळ लिहावीच लागते.

म्हणून परवा मी पेन्सिल घेऊन आईपाशी बसलो. ग्रंथाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिचे माहेरचे नाव लिहिले, मग आजीचे. पणजीचे विचारले तेव्हा आई बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिली. सासरचे नाव तिला आठवले. “माहेरचं नाव कधी कुणी उच्चारलंच नाही रे,” ती म्हणाली. ती जागा मी कोरी ठेवली आहे. वाचकहो, तुमच्या घरी ते नाव जाणणारे कोणी असेल, तर फराळाची ताटे उचलण्याआधी विचारून घ्या.