तबकडीच्या दोन बाजू आणि एक गाव

ग्रामीण जीवनावरच्या गाण्यांचा विषय निघाला की एक शंका हमखास येते. शहरात नाव कमावलेला कलावंत गावच्या आठवणी गातो, तेव्हा तो गरिबी गोड करून विकत तर नाही ना? डॉली पार्टन यांचा १९७३ सालचा ‘माय टेनेसी माउंटन होम’ हा कंट्री अल्बम ही शंका मनात ठेवूनच ऐकावा.

पार्टन यांचा जन्म १९४६चा, टेनेसीच्या डोंगराळ सेव्हिअर काउंटीतला. भावंडं बारा. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना वडिलांनी फी म्हणून मक्याच्या पिठाची गोणी दिली. त्या डॉक्टर रॉबर्ट थॉमस यांच्यावर इथे अख्खं गाणं आहे. पण मला ते फिकं वाटतं. त्यात आभार आहेत, गोष्ट नाही. वडिलांच्या कामाच्या बुटांवरचं गाणं मात्र मनात राहतं. झिजलेले बूटच त्या माणसाचे कष्ट सांगतात, वेगळं कौतुक लागत नाही.

आता गाण्यांचा क्रम बघा. तबकडीची पहिली बाजू संपते ‘इन द गुड ओल्ड डेज’वर. त्यात गारांनी झोडपलेलं पीक आहे, वडिलांचे फुटलेले हात आहेत. आठवणी कुठल्याही किमतीला देणार नाही, पण त्या दिवसांत परतही जाणार नाही, असं त्या स्वच्छ सांगतात. मग आपण तबकडी उलटतो आणि लागतं शीर्षकगीत. घराची ओसरी, काजवे, निवांत वेळ! हे गीत सिंगल म्हणूनही निघालं होतं. तसं सुटं ऐकलं तर ते पोस्टकार्डावरचं चित्र वाटेल. आधीचं गाणं कानात असेल तर नाही वाटत.

आणखी एक. अल्बम सुरू होतो नॅशव्हिलहून आईवडिलांना लिहिलेल्या पत्राने, आणि संपतो तिथल्याच म्युझिक रोवर, रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात. म्हणजे सगळं गाव दोन्हीकडून शहराने वेढलेलं आहे. जे गावातच राहिले, त्यांची बाजू इथे ऐकू येत नाही, ही मर्यादा मानायलाच हवी. पण आपण बाहेर पडलेलो आहोत, हे पार्टन कुठेही लपवत नाहीत. म्हणून गोड करून विकल्याचा आरोप मला इथे टिकणारा वाटत नाही.

तेव्हा ऐकाल तर क्रमाने ऐका, एवढीच विनंती.