नियोजित शस्त्रक्रियेनंतर वृद्धांचे पूर्ववत होणे : भाकिताच्या मापनपद्धतींची चिकित्सा (बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांतील वृद्धांना शस्त्रक्रियेचा मार्ग पूर्वीपेक्षा सुलभ झाला. मात्र अतिदक्षता विभागातून घरी परतलेला वृद्ध पूर्वीसारखा हिंडू-फिरू लागेल काय, हा कुटुंबाचा खरा प्रश्न असतो. प्रचलित मापनपद्धती या प्रश्नाचे उत्तर कितपत देतात, हे तपासणे आवश्यक आहे.

मापनपद्धतींची चिकित्सा :
विल्यम नॉस व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेली ‘अपाचे-२’ ही पद्धती १२ शारीरिक मापे, वय व जुनाट आजार यांवरून ० ते ७१ गुण देते. पंचाहत्तरी गाठलेल्या रुग्णाला केवळ वयाचे ६ गुण मिळतात. गंभीर जुनाट आजार असल्यास तातडीच्या शस्त्रक्रियेला ५, तर नियोजित शस्त्रक्रियेला २ गुण दिले जातात. हा भेद योग्यच आहे; परंतु ही पद्धती रुग्णालयातील मृत्यूचा संभव सांगते, जगलेल्याच्या पुढील आयुष्याविषयी ती मौन पाळते. केनेथ रॉकवूड यांच्या २००५ मधील जराजर्जरता-श्रेणीने आजारापूर्वीच्या स्थितीकडे लक्ष वेधून ही उणीव काही अंशी भरून काढली.

याहून मोलाचे काम अमेरिकेतील न्यू हेवन परिसरात झाले. तेथे सत्तरीपुढील ७५४ व्यक्तींची दरमहा विचारपूस केली जात असे. त्यांपैकी अतिदक्षता विभागातून परतलेल्यांविषयीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दृष्टी वा श्रवण अधू असलेल्यांचे पूर्ववत होण्याचे प्रमाण कमी, तर स्वतःच्या क्षमतेवर विश्वास असलेल्यांचे अधिक आढळले.

स्थानिक मर्यादा :
सदर अभ्यासाच्या १३ कृतींत मोटार चालवणे ही एक कृती होती. इंदापूरच्या शेतकरी स्त्रीला हा निकष गैरलागू ठरतो. जमिनीवर बसून उठणे, बांधावरून चालणे, चाऱ्याचा भारा उचलणे या तिच्या क्षमतेच्या खुणा होत. तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून पंढरीला जाते. वारीतील एखादा टप्पा चालता येणे, हेही येथे पूर्ववत होण्याचे माप ठरू शकते. ग्रामीण भारतासाठी स्वतंत्र मापनश्रेणी शक्य आहे, हे हरियाणातील बल्लभगड येथील १९९९ च्या कामाने दाखविले आहे.

निष्कर्ष :
नियोजित शस्त्रक्रियेत हाती काही आठवडे असतात, हीच तिची जमेची बाजू. त्या अवधीत आशा कार्यकर्तीमार्फत वृद्धाच्या दैनंदिन क्षमतेची नोंद, मोतीबिंदूची व श्रवणाची तपासणी करता येईल. केवळ सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि दृष्टी सुधारणे हा स्वतंत्र लाभ आहेच. तिसऱ्या व सहाव्या महिन्यातील घरभेटीच्या नोंदींवाचून स्थानिक भाकितास आधार मिळणार नाही. तोवर परक्या गुणांकाच्या आधारे एखाद्या वृद्धास शस्त्रक्रिया नाकारणे हे शास्त्रालाही धरून होणार नाही.